भूकंपाची ट्यूब

माझे वडील मुखेडला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. लातूरकडे भूकंप झाला त्याच्या तिसऱ्या दिवशी डॉक्टर जीप घेऊन तिकडे निघाले आणि वडिलांनाही सोबत घेऊन गेले. पंधरा दिवसांनी वडील परतले तेव्हा ढिगाऱ्यांबद्दल त्यांनी जवळजवळ काहीच सांगितलं नाही. ते बोलले खाजेबद्दल. वर पाऊस, खाली चिखल, एका पत्र्याच्या शेडात चार-चार घरं, पांघरुणं एकमेकांची. हाडं मोडलेले मोठ्या दवाखान्यांत गेले आणि मागे राहिलेले खाजवत बसले, असं ते म्हणाले. मदतीच्या खोक्यांतून कुठल्याशा मलमाच्या ट्यूबा आल्या होत्या. वडिलांनी त्या वाटल्या. रात्री लावली की सकाळी माणूस शांत. आयुष्यात त्यांनी इतक्या लोकांना इतक्या लवकर आराम पडलेला पाहिला नव्हता, आणि त्या ट्यूबवर त्यांचा जीव जडला.

त्या मलमाने खाज दबत होती, खरूज तशीच राहत होती, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा आमच्या घरात ती देवासारखी फडताळात बसली. तिचं खोक्यावरचं नाव कुणी घेत नसे. ती भूकंपाची ट्यूब. घामोळं, गजकर्ण, डास चावला, भावाच्या मांडीला सायकलच्या सीटने घासलं, आईच्या गालावर वांग आले, सगळ्यावर तीच. मेडिकलमध्येही ती मागाल तेवढी मिळायची, चिठ्ठी कुणी विचारत नसे. आईचे वांग तर आठ दिवसांत फिके पडले. मग ट्यूब बंद केली की दुप्पट काळे होऊन परत यायचे, म्हणून आईने ती कधी बंदच केली नाही. तिचा चेहरा पुढे कांद्याच्या सालीसारखा पातळ झाला, लाल शिरा दिसायला लागल्या. आम्ही म्हणायचो, आई किती गोरी झाली.

बारावीला मला लातूरला ठेवलं तेव्हा ट्रंकेत कपडे, डाळीचे लाडू, जीवशास्त्राच्या नोट्स आणि चार ट्यूबा होत्या.

भूकंपाला पाच वर्षं होत आली होती. लातूरमध्ये तेव्हा जो तो घरावर एक मजला चढवत होता आणि मजल्यावर क्लासला आलेल्या पोरी ठेवत होता. आमच्या घरमालकांचं गोलाईच्या बाजारपेठेत भुसाराचं दुकान होतं. काकू सकाळी कपाळाला भस्म लावून इष्टलिंगाची पूजा आटोपायच्या आणि मग वर येऊन आमच्या खोलीत कुणी हीटर लावलाय का बघायच्या. एका खोलीत आम्ही दोघी. माझी जोडीदारीण औश्याच्या पलीकडच्या, भूकंपात गेलेल्या एका गावची. भूकंपाच्या वेळी ती सातवीत होती. पुढची दोन वर्षं तिने शेडात काढली आणि मग नव्या वसाहतीतल्या घरात राहून दहावीला केंद्रात पहिली आली. तिच्या घरात मोजकीच माणसं उरली होती आणि त्या सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की ही डॉक्टर होणार. ती स्वतः त्याबद्दल कमी बोलायची आणि पहाटे चारला उठायची. मला जे सांगायचं आहे ते तिच्या उजव्या हाताचं आहे.

पहिल्या आठवड्यात मी ट्रंक उघडली तेव्हा तिने ट्यूब ओळखली. "ही आमच्या शेडात बी होती," म्हणाली. "लई गुणाची हाय." वडिलांनी वाटलेल्यांपैकीच एखादी तिच्या हाती पडली असेल की काय, असं मला वाटून गेलं आणि अभिमान वाटला. त्या आठवड्यातच पोरी मला डॉक्टरीणबाई म्हणायला लागल्या. बाप कंपाउंडर आणि ट्रंकेत औषध, एवढी पात्रता त्या मजल्यावर पुष्कळ होती.

लातूरचं ऊन ज्यांनी सायकलवर घेतलंय त्यांना सांगायची गरज नाही. सकाळी फिजिक्स एका टोकाला, दुपारी केमिस्ट्री दुसऱ्या टोकाला, मधे डबा. पोरी स्कार्फ असा बांधायच्या की डोळे तेवढे उघडे, आणि हातात कोपरापर्यंत पांढरे सुती मोजे. ऊन बाधू नये म्हणून हे कुणी करत नव्हतं. काळं पडू नये म्हणून करत होतं. घरून येणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये आया दोनच प्रश्न विचारायच्या, टेस्टला किती पडले आणि काळी तर नाही ना झालीस. मीही त्यातलीच. हळद-बेसन, दही, टोमॅटोची फोड, एकीने तर लिंबू चोळून उन्हात बसून दोन्ही गालांना डाग पाडून घेतले. त्यावरही मी ट्यूब दिली.

माझ्या जोडीदारणीच्या उजव्या हाताला, मनगटाच्या वर, रुपयाहून मोठा एक फिकट चट्टा होता. बाकीचा हात उन्हाने रापलेला, शेताच्या बांधावर वाढलेल्या पोरीचा असतो तसा. चट्टा तेवढा उजळ. खाजत नव्हता, दुखत नव्हता, त्यावर पापुद्रा नव्हता. तिने तो मला दाखवला तेव्हा काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी तिचा हात उजेडाकडे वळवला आणि निर्णय दिला, "अगं, हा तुझा मूळ रंग आहे. आतून तू इतकी गोरी आहेस. उन्हाने बाकीचं झाकलंय."

कुणालाही हे वेड्यासारखं वाटलं नाही. उलट शेजारच्या खोलीतल्या पोरी तो चट्टा बघायला आल्या. एकीने आपला हात शेजारी धरून रंग जुळवून पाहिला. "काय नशीब आहे बघ, मूळची गोरी," असं म्हणून त्या गेल्या. ती लाजली. तिला आयुष्यात कुणी गोरी म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून बाकीचा हात चट्ट्याच्या रंगाचा करायचा, असं आमचं ठरलं. मी दोन ट्यूबा तिला देऊन टाकल्या. रोज रात्री ती मनगटापासून कोपरापर्यंत मलम चोळायची आणि दिवसा मोजे घालायची. तो जुलै होता.

हात खरंच उजळला. चट्ट्याची कड पुसट झाली. मी माझ्या वडिलांना पत्रात कळवलं.

दिवाळीनंतर सराव परीक्षा सुरू झाल्या. रोज तीन तासांचा पेपर, कधी दोन. सगळ्यांचे हात दुखायचे. संध्याकाळी गच्चीवर पोरी एकमेकींची मनगटं दाबत बसायच्या. ती एकटी अभ्यास करत असायची. "माझा हात न्हाई दुखत," असं सांगायची आणि त्यात थोडी ऐट असायची. मला तिचा हेवा वाटायचा. एकदा भर दुपारी क्लास सुटला, सायकली उन्हात तापलेल्या. आम्ही सगळ्या हँडलला हात लावून ओरडलो आणि तिने मोजे न घालताच हँडल धरून सायकल काढली. दुसऱ्या दिवशी तिच्या तळव्याला, करंगळीच्या खाली, फोड होता. मी म्हटलं, तुम्ही भूकंपवाले लई चिवट. तीही हसली. फोडावर मी काय लावलं ते सांगायला नको.

जानेवारीत तिचं अक्षर बिघडलं. पेन निसटतं, करंगळी वळते, म्हणाली. मी सांगितलं, लिहून लिहून आखडली असेल, परीक्षा झाली की सुटेल. सगळ्यांचंच काही ना काही आखडलेलं होतं, त्यामुळे हे कुणालाही पटण्यासारखं होतं.

फेब्रुवारीत काकूंच्या मुलीचं लग्न निघालं. लग्नघरी चुडा भरायला बांगडीवाली यायची होती आणि काकूंनी वरच्या पोरींनाही खाली बोलावलं. "लेकीबाळी आहात, मोकळ्या हाताने हिंडू नका माझ्या घरात." बांगडीवाली मनियार घरातली, त्या घरात तीन पिढ्या चुडे भरत आलेली. तिला सगळे खाला म्हणायचे. साठीची बाई, तोंडात पान, मांडीवर फडकं. हात हातात घेतला की ती आधी बोटं एकत्र आवळून तळवा चेपायची, हाड वळवायची आणि अंगठ्याच्या खालचा उंचवटा आत ढकलून बांगडी सरकवायची. त्यात दुखतंच. पोरी 'आई गं' म्हणून ओरडायच्या आणि बायका हसायच्या, तो त्या समारंभाचाच भाग.

जोडीदारणीची पाळी आली. डाव्या हाताला ती ओरडली, बायका हसल्या. उजव्या हाताला खालाने बोटं आवळली आणि ती समोरच्या नवरीकडे बघत बसली. एक बांगडी तडकली. काचेचा तुकडा करंगळीच्या बाजूने आत गेला आणि रक्त आलं. तिला ते आम्ही सांगितल्यावर कळलं.

खाला चघळायची थांबली. तिने रक्त फडक्याने पुसलं, हात उलटा करून पाहिला, तळव्यावरून आपला अंगठा हळू फिरवला. बाकी सगळ्यांचे तळवे गर्दीतल्या घामाने ओले झालेले होते, तिची करंगळीकडची बाजू कोरडी होती. खालाने हसत तिला म्हटलं, "उधर देख बेटी, दुल्हन कैसी दिखती," आणि ती तिकडे बघत असताना नख करंगळीत रुतवलं. मी शेजारी बसले होते म्हणून मला दिसलं. नखाचा वळ उमटला. तिने मान वळवली नाही.

खालाने पुढच्या बांगड्या काही झालंच नाही अशा भरल्या. नंतर पाणी प्यायच्या निमित्ताने ती मागच्या अंगणात आली आणि मला खुणेने बोलावलं. "तू उसके साथ रहती ना?" आवाज अगदी खाली. "मेरी सास को ऐसाच था. पहिले दाग, बाद में उंगल्यां. चालीस साल हात पकड रई मैं, गलत नै बोलती. उद्याच्या उद्या डॉक्टरला दाखव. और सुन, इस घर में मत बोल. शादी का घर है. निकाल देंगे बच्ची को." मी विचारलं, काय झालंय तिला? पदराने तोंड पुसून खाला आत गेली.

तिला काय झालंय ते मला माहीत होतं, निदान माझ्या वहीला माहीत होतं. रात्री मी नोट्स काढल्या. रोगांच्या धड्यात, हिवताप आणि क्षयाच्या नंतर, लाल शाईने चौकट केलेली चार वाक्यं होती. ती मला तोंडपाठ होती. वही मिटली आणि तिच्याकडे पाहिलं, ती मलम लावत होती. "आज नको लावूस," एवढंच मी म्हणाले.

खाला काय म्हणाली ते मी तिला सांगितलं आणि लातूरला दाखवायचं नाही असं आम्ही ठरवलं, कारण लातूरमध्ये अर्ध्या दवाखान्यांतून कुणाची ना कुणाची बहीण कामाला होती. नांदेडला जायचं. काकूंना सांगितलं, शीर दबलीय. अहमदपूर, लोहा करत एसटी चार तासांनी पोचली. सगळ्या वाटेत तिने मला एकदाच विचारलं, "पेपरला येतील ना बोटं?" परीक्षेला एक महिना होता.

सरकारी दवाखान्यातले त्वचेचे डॉक्टर वयस्क होते आणि वैतागलेले होते. त्यांनी कापसाची वात केली, तिला डोळे मिटायला सांगितलं आणि जिथे हात लावतो तिथे बोट ठेव म्हणाले. गालावर लावली, तिने गालावर बोट ठेवलं. डाव्या हाताला लावली, ठेवलं. चट्ट्यावर लावली. ती डोळे मिटून वाट बघत बसली. करंगळीवर लावली. ती वाटच बघत होती. मी ते बघत उभी होते आणि मला तिला हाक मारून सांगावंसं वाटत होतं, इथे, अगं इथे.

मग त्यांनी तिच्या कोपराच्या आतली शीर चाचपली, ती दोरीसारखी जाड झाली होती. पाठ पाहिली. पाठीवर आणखी सात-आठ पुसट चट्टे होते. ते तिला दिसणं शक्य नव्हतं. मला होतं, मी रोज तिची वेणी घालायचे.

"कुष्ठरोग आहे," ते सरळ म्हणाले. "घाबरायचं नाही. गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, गोळ्या फुकट आहेत, आणि सुरू केल्या की तुझ्यापासून कुणाला होत नाही." आणि मी, तिच्या आधी, विचारलं, "मला झाला असेल का?" त्यांनी मलाही तपासलं. मला काही नव्हतं. त्या क्षणी मला इतकं हलकं वाटलं की आजही त्याची लाज वाटते.

"यावर काय लावत होतीस?" त्यांनी तिला विचारलं.

"ट्यूब लावत होते." खोक्यावरचं नाव तिने सांगितलं, आमच्यात ते तिला एकटीलाच माहीत होतं.

"कोणी दिली?"

ट्यूब माझ्या पर्समध्ये होती. मी फरशीकडे पाहिलं.

"म्याच घेतली," ती म्हणाली. "मेडिकलमधनं."

डॉक्टर तिच्यावर बरेच रागावले. असल्या मलमाने वरची खूण झाकली जाते आणि आत रोग शिरेत चालत राहतो, म्हणाले. शिकलेल्या मुली असं करायला लागल्यावर खेड्यातल्या बायकांना काय बोलायचं. शीर गेल्याला सहा महिने झालेले नसतील तर बहुतेक परत येते. तिची किती महिन्यांपूर्वी गेली ते मलमामुळे सांगता येत नव्हतं. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी काय करते विचारलं. मेडिकलची तयारी, म्हटलं. "मग सांग, कुष्ठरोगाची पहिली लक्षणं काय?"

मी सांगितली. फिकट चट्टा. खाजत नाही, दुखत नाही. संवेदना नसते, घाम येत नाही. एक शब्द चुकला नाही.

"पाठ आहे," असं म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली.

चिठ्ठीवर महिन्याच्या गोळ्यांची पाकिटं होती आणि शिरेची सूज उतरायला आणखी वेगळ्या गोळ्या. त्या वेगळ्या गोळ्या आमच्या ट्यूबेच्याच जातीच्या औषधाच्या होत्या, हे मला पुढे फार्मसीच्या डिप्लोमाला कळलं. योग्य माणसाच्या हातून, योग्य कारणासाठी, मोजून. पाकिटातल्या दुसऱ्या एका गोळीने अंग काळपट तांबडं होतं. दोन महिन्यांत ती डोक्यापासून पायापर्यंत अशी काळवंडली की काकू हळहळल्या. "मूळ रंग गेला गं पोरीचा," म्हणाल्या. "उन्हात हिंडल्यावर काय होणार." ती त्यांच्यासमोर मान हलवायची. खोलीत आल्यावर एकदा इतकी हसली की मला रडू आलं.

तिने सगळे पेपर लिहिले. पेनाला चिंधी गुंडाळून मुठीत धरायची. जीवशास्त्राचा पेपर अर्ध्या तासाचा लिहायचा राहिला. मेडिकल तिचं गेलं. माझंही गेलं, पण माझं जाणारच होतं. मला दोन्ही हात असूनही तेवढेच मार्क मिळाले असते. तिचं माझ्यामुळे गेलं. हे वाक्य मी कित्येक वर्षं मनात वेगवेगळ्या तऱ्हेने लिहून पाहिलं, ते याहून सौम्य होत नाही.

रोग वर्षभरात बरा झाला. चट्टे गेले, काळेपणाही हळूहळू उतरला. अंगठा आणि दोन बोटं पूर्ण सुधारली. करंगळी आणि शेजारचं बोट वळलेली राहिली, तिथे जाणीव परत आली नाही. डी.एड. करून ती बिलोलीकडे शाळेत लागली, लग्न झालं, मुलगी झाली. मी नांदेडला मेडिकल चालवते. भूकंपाची ट्यूब मी चिठ्ठीशिवाय विकत नाही. त्यामुळे माझी गिऱ्हाइकं चार दुकानं पलीकडे जाऊन ती घेतात.

मागच्या जूनमध्ये ती दुकानात आली. मुलीला लातूरला क्लासला सोडून परत जात होती. मुलीने निघताना गोरं व्हायचं क्रीम मागितलं, ते नाही दिलं, टोपी आणि लांब बाह्यांचे शर्ट दिले, असं सांगत होती. ऊन लागू नये एवढं बघ, रंगाचं राहू दे, असं ती मुलीला म्हणाली होती. आम्ही चहा घेतला. तेव्हा मी एकदाचं बोलले. त्या दिवशी ट्यूब माझ्या पर्समध्ये होती, मी बोलायला हवं होतं.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "पर्स तू छातीशी धरून बसलीस तवाच कळलं." मग म्हणाली, "तू लावायला दिलीस त्याचं मला कधीच काय वाटलं न्हाई. तुला तरी कुठं म्हाईत होतं. गप बसलीस, त्याचं वाटलं. लई दिवस."

तिने पदराखालून उजवा हात काढून काउंटरवर ठेवला. करंगळीच्या बाजूला ताजा, ओला भाजल्याचा डाग होता. पहाटे मुलीसाठी दशम्या करताना हात तव्याला टेकला होता. वास आला म्हणून तिने खाली पाहिलं होतं.

मी जखम धुतली, भाजल्याचं मलम लावलं आणि पट्टी बांधली. बांधता बांधता, दिवसभर गिऱ्हाइकांना विचारते तसं, तोंडातून निघून गेलं, "आग होतीय का गं?"

"न्हाई," ती म्हणाली.